जुन्या लेथचं तेलपाणी

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात किंवा पुण्याच्या भोसरीत जॉबवर्कच्या कुठल्याही शेडमध्ये डोकावलं, तर सीएनसीच्या शेजारी एखादं जुनं लेथ हमखास उभं असतं. हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करचं, बंगळूरच्या एचएमटीचं, नाहीतर राजकोट किंवा बटाल्याचं. म्हैसूर किर्लोस्कर 1941 सालची, एचएमटी 1953 ची. त्यांची कित्येक दशकांपूर्वीची लेथं आजही रोजचा रोज काम देतात. जी देत नाहीत, त्यांची बरीचशी दुखणी तेलाच्या वाटेत असतात. तेल घातलेलं असतं, पण हवं तिथे पोचलेलं नसतं. किंवा पोचतं ते सोबत कीस घेऊन.

आपण नुकतंच असं लेथ घेतलं असेल, किंवा घरच्या शेडमध्ये वडिलांच्या काळातलं पडून असेल, तर खालच्या क्रमानं जावं. टर्नरचा अनुभव नसला तरी अडत नाही. पाने, ब्रश, रॉकेल, सुती चिंध्या आणि एक मोकळा दिवस एवढं सुरुवातीला पुरतं.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. मोटारीच्या इंजिनात तेल फिरतं, गाळणीतून जातं आणि परत येतं. जुन्या लेथच्या बऱ्याच भागांत तसं नसतं. वरून थेंब घालायचा, तो सांध्यातून जातो, मळ बरोबर घेतो आणि खालून गळतो. म्हणून असं लेथ थोडं गळणारच. गळणं बंद झालं की खुश होऊ नये, आतली वाट बुजली का ते बघावं.

सुरुवात मेन स्विच बंद करून. नुसतं लेथचं बटण बंद करून भागत नाही, कारण साफ करताना लिव्हरला कोपर लागतंच. चकची, म्हणजे जॉब पकडणाऱ्या जबड्यांची, चावी चकमध्ये अडकलेली असेल तर ती काढून ठेवा. पुढची सगळी कामं लेथ थांबलेलं असतानाच करायची. चालू चकजवळ चिंधी नेणं म्हणजे बोटं गमावण्याची तयारी.

आता तेल घालायच्या जागा शोधायच्या. पुष्कळ जुन्या लेथवर पितळी किंवा ॲल्युमिनियमची पाटी असते, तिच्यावर यंत्राचं चित्र आणि तेलाच्या जागांचे बाण. पाटी नसेल तर साधा नियम: जे फिरतं आणि जे सरकतं, त्याच्या जवळपास तेलाला आत जायची वाट असणारच. कुठे झाकणाची पितळी वाटी, कुठे नुसतं भोक, कुठे स्प्रिंगवर बसलेली छोटी गोळी, जी तेलाच्या कुप्पीच्या टोकानं दाबली की आत जाते.

इथेच पहिली गोची असते. दर खंडेनवमीला यंत्र धुऊनपुसून त्याच्यावर रंगाचा हात मारायची पद्धत आपल्याकडे आहे. श्रद्धा चांगली, पण वीस-पंचवीस वर्षांत रंगाचे थर तेलाच्या भोकांवर चढतात आणि कामगार बदलला की ती जागा कुणाला माहीतही राहत नाही. संशय येईल तिथला रंग टोकदार पत्र्यानं हलके खरवडून बघा. बुजलेलं भोक हमखास सापडतं. (पूजेच्या नारळाचं पाणी आणि कुंकू त्याच संध्याकाळी पुसून घ्यावं. त्या पाण्यात क्षार असतात आणि बेडवर एका रात्रीत डाग पडतो.)

दुसरी गोची याहून वाईट. ती गोळीची तेलतोंडं ग्रीसच्या निपलसारखी दिसतात, म्हणून कुणीतरी कधीतरी त्यांत ग्रीसगन लावून ग्रीस ठासलेलं असतं. ते आतल्या बारीक नळीत सुकून बसतं आणि मग वरून कितीही तेल घाला, ते पुढे जात नाही. अशा वेळी औषधाच्या दुकानातून सुईशिवाय मोठी सिरिंज आणा. तिनं रॉकेल दाबून भरा, तासभर मुरू द्या, बारीक तार फिरवा, पुन्हा रॉकेल. दुसऱ्या टोकाला स्वच्छ रॉकेल दिसेपर्यंत हे चालू ठेवा आणि शेवटी त्याच वाटेनं तेल सोडा. भाग उघडता येत असेल तर उघडून धुणं केव्हाही चांगलं.

यानंतर साफसफाई. आधी ब्रशनं कीस झाडायचा, मग रॉकेलमध्ये भिजवलेल्या चिंधीनं पुसायचं, मग कोरड्या चिंधीनं. कॉटन वेस्ट शक्यतो टाळा, त्याचे धागे तेलाच्या भोकांत आणि स्क्रूच्या आट्यांत अडकतात. आणि कॉम्प्रेसरच्या हवेचा मोह आवरा. हवेनं लेथ चकचकीत दिसतं खरं, पण कीस उडून सॅडलखाली आणि बेअरिंगच्या फटींत जाऊन बसतो. तिथून तो परत निघत नाही. बहुतेक वर्कशॉपमध्ये सगळ्यात जास्त नुकसान करणारी सवय हीच, असं माझं मत आहे.

सॅडल म्हणजे बेडवरून डावीउजवीकडे सरकणारा, टूल वाहून नेणारा भाग. त्याच्या कोपऱ्यांवर नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, छोट्या पट्ट्या लावलेल्या असतात. त्यांचं काम बेड पुसत जाणं. जुन्या लेथवर या पट्ट्या दगडासारख्या कडक झालेल्या असतात आणि त्यांत कीस रुतलेला असतो. मग त्या पुसायच्याऐवजी घासतात. स्क्रू काढून पट्ट्या रॉकेलमध्ये धुवा. मऊ झाल्या नाहीत तर नवा नमदा कापून लावा, तेलात भिजवून. खर्च अगदी किरकोळ.

आता तेल कोणतं? तेलाच्या डब्यावर व्हीजी 32, व्हीजी 68 असे आकडे असतात. 40 अंश सेल्सिअसला तेल किती दाट आहे, त्याचं ते माप. आकडा मोठा, तितकं तेल दाट. जुन्या पाट्यांवर एसएईचे आकडे सापडतात. एसएई 20 म्हणजे ढोबळमानानं व्हीजी 68 आणि एसएई 30 म्हणजे व्हीजी 100 धरावं. पाटी वाचता येत असेल तर तिचंच ऐकावं.

पाटी नसेल तर बहुतेक मध्यम लेथच्या गिअर असलेल्या हेडस्टॉकला, म्हणजे डावीकडच्या, चक फिरवणाऱ्या पेटीला, व्हीजी 68 चं हायड्रॉलिक तेल चालतं. तेलाच्या दुकानात ‘हायड्रॉलिक 68’ म्हटलं की मिळतं. एन्क्लो 68, सर्वोसिस्टिम 68, टेलस 68 ही त्यातली नेहमीची नावं. बेडसाठी मात्र वेगळं, स्लाइडवेचं तेल घ्यावं, उदाहरणार्थ व्हॅक्ट्रा नंबर 2 किंवा सर्वोवे. ते चिकट असतं. उभ्या-आडव्या पृष्ठभागावरून ओघळून जात नाही आणि सॅडल हळू सरकताना अडकत-उडी मारत जात नाही, सलग सरकतो. दोन डबे ठेवणं जमत नसेल तर सगळीकडे हायड्रॉलिक 68 वापरा. कोरडं ठेवण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

गाडीचं 20डब्ल्यू-50 घरात असतंच, ते का नको? त्यात मळ तरंगत ठेवणारी रसायनं असतात. इंजिनात गाळणी असते, म्हणून ती उपयोगी पडतात. लेथच्या पेटीत सहसा गाळणी नसते. तिथे धातूचा चुरा तळाशी बसावा हेच बरं, तरंगत राहिला तर दात आणि बेअरिंग खातो. गाडीच्या गिअरबॉक्सचं गंधकयुक्त तेल गनमेटलच्या बुशांना बाधू शकतं, तेही नको. शिलाई मशीनचं तेल फार पातळ. आणि खोबरेल तर अजिबात नको. थंडीत ते गोठतं आणि पुढे त्याचा चिकट थर बनतो. ‘तेल ते तेल’ म्हणणारे भेटतील, त्यांना चहा पाजून वाटेला लावा.

हेडस्टॉकपासून सुरुवात करू. पुढच्या बाजूला काचेचा गोल डोळा असतो, त्यात तेलाची पातळी दिसते. ती लेथ थांबलेलं असताना बघायची. जुन्या काचेत एक फसवणूक असते. वर्षानुवर्षं तेल एकाच रेषेला राहिल्यानं काचेला आतून पिवळट डाग पडतो आणि पेटी रिकामी असली तरी अर्धा डोळा भरल्यासारखा वाटतो. खात्री नसेल तर काच काढून धुवा, नाहीतर वरचं झाकण उघडून टॉर्चनं बघा.

घेतलेल्या लेथमधलं तेल बदलायचंच, ते किती जुनं आहे हे कुणी सांगू शकत नाही. लेथ पंधरा-वीस मिनिटं हळू फिरवून तेल कोमट होऊ द्या, मग स्विच बंद करून खालचा प्लग काढा. कोमट तेल तळाचा गाळ घेऊन निघतं. हे काळं तेल गटारात किंवा मातीत ओतू नका. 2016 च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं तेल मोडतं. डब्यात साठवून अधिकृत पुनर्प्रक्रियावाल्याकडे द्यावं.

निघालेलं तेल पांढऱ्या बशीत घेऊन उजेडात बघा, त्यात बरंच कळतं. बारीक सोनेरी चमक म्हणजे गनमेटलचं बुश झिजतंय. थोडी चमक जुन्या यंत्रात असतेच, जाडसर कण असतील तर मात्र काळजी. लोहचुंबकाला चिकटणारी खवलं निघाली तर गिअरचा दात तपासा. तेल दुधाळ असेल तर आत पाणी किंवा कूलंट शिरलंय. तळाचा गाळ चिंधीनं पुसून काढा. स्वस्त पातळ तेल घालून काही मिनिटं अगदी मंद फिरवून तेही काढून टाका. रॉकेल घालून लेथ फिरवू नका, बेअरिंगला त्यात पुरेसा आधार मिळत नाही.

नवं तेल डोळ्याच्या मध्यापर्यंत. जास्त भरलं तर ते घुसळून फेसाळतं, तापतं आणि स्पिंडलच्या, म्हणजे चक फिरवणाऱ्या दांड्याच्या, सीलमधून बाहेर येऊन मोटारीच्या पट्ट्यांवर पडतं. पहिलं तेल पन्नासेक तास चालवून बदला, कारण जुना मळ त्यात सुटत राहतो. पुढे एका पाळीत चालणाऱ्या लेथला वर्षातून एकदा पुरतं.

काही जुन्या लेथच्या स्पिंडलला बॉल किंवा रोलर बेअरिंग नसतात, गनमेटलचे बुश असतात, वरती तेलाच्या वाट्या. यांना पातळ तेल लागतं, सहसा व्हीजी 22 ते 32, कारण फट फार लहान असते, साधारण 0.02 ते 0.03 मिलिमीटर. दर काही तासांनी वाटी बघायची. वाटीतली वात कडक झाली असेल तर बदलायची. इथे दाट तेल घातलं तर ते आत शिरतच नाही. हेडस्टॉक कोमट होणं ठीक, पण हात टेकवत नसेल इतका तापला तर थांबा आणि तेलाची वाट तपासा.

डाव्या बाजूचं झाकण उघडलं की चेंज गिअर दिसतात, म्हणजे आटे पाडताना फीड ठरवणारे, बदलता येणारे गिअर. इथे ग्रीसचे गोळे लावलेले सापडतील, त्यात कीस, माशा, एखादा वॉशर. सगळं धुऊन काढा. दातांना पातळ थर पुरे, उघड्या गिअरचं चिकट तेल मिळालं तर उत्तम. गिअर ज्या खुंट्यांवर फिरतात त्यांना तेल द्यायचं लोक विसरतात. खुंटीच्या टोकाला बारीक भोक असतं, तिथे दोन थेंब. गिअर पुन्हा जुळवताना दातांमध्ये साध्या वहीच्या कागदाची पट्टी घालून दाबा, बोल्ट आवळा, कागद फिरवून काढा. राहिलेली फट बरोबर असते. अगदी घट्ट बसवलेले गिअर किंचाळतात.

खालचा फीड गिअरबॉक्स दोन प्रकारचा. काहींत तेल भरलेलं असतं, काहींत वरच्या भोकांतून थेंब सोडायचे असतात. भोकांच्या प्रकारात डोळा शोधत बसू नका, रोज थेंब सोडा.

बेड आणि सॅडल हा लेथचा प्राण. रोज सकाळी बेड पुसायचा, बोटानं तेलाचा पातळ हात फिरवायचा, सॅडल या टोकापासून त्या टोकापर्यंत नेऊन आणायचा. नमद्याच्या पट्टीपुढे काळी रेघ जमली तर पुसून पुन्हा तेल. ही रेघ निघत राहते तोवर मळ बाहेर येतोय असं समजावं. बेडवर ग्रीस कधीच नको. त्यात रुतलेला कीस आणि ग्रीस मिळून घासायची पेस्टच बनते.

बीड, म्हणजे ओतीव लोखंड, कापणाऱ्यांनी जास्त सावध राहावं, आणि कोल्हापूरसारख्या फाउंड्रीच्या गावात तर बिडाचे जॉब रोजचेच. बिडाचा कीस धुळीसारखा बारीक असतो आणि कास्टिंगच्या वरच्या कातड्यात साच्याची वाळू असते. ही धूळ तेलावर बसली की बेड खाते. बीड लावण्याआधी बेड कोरडा पुसा आणि उघड्या भागावर जाड कागद झाका. काम संपलं की धूळ ब्रशनं उचला, कागद काढा, मगच तेल. एमरी पेपर मारतानाही हाच कागद. कापड झाकू नका, ते चकमध्ये ओढलं जातं.

क्रॉस स्लाइड आणि कंपाउंड, म्हणजे टूल आडवं आणि तिरकं नेणारे वरचे दोन भाग, त्यांच्यात गिब नावाची पट्टी असते. सरकत्या भागाची झिजून वाढलेली फट ती भरून काढते. बाजूला तीन-चार स्क्रू आणि त्यांवर लॉकनट दिसतील. आधी स्लाइड साफ करून तेल द्या. मग एकेक स्क्रू हळू आवळा, हँडल फिरवताना किंचित जडपणा जाणवेपर्यंत. लॉकनट आवळताना स्क्रू ॲलन कीनं धरून ठेवा, नाहीतर तोही फिरतो आणि सगळी मेहनत वाया.

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. हँडल थोडं फिरतं पण स्लाइड हलत नाही, तो मोकळा फेर म्हणजे बॅकलॅश. तो स्क्रू आणि नट झिजल्यानं येतो, गिबशी त्याचा संबंध नाही. तो घालवायला लोक गिब आवळतात, स्लाइड जाम होते आणि स्क्रू आणखी झिजतो. जुन्या लेथला पाव मिलिमीटर बॅकलॅश असला तरी काम अडत नाही. माप घेताना नेहमी एकाच दिशेनं पुढे यायचं. जास्त पुढे गेलात तर एक फेर मागे जाऊन पुन्हा पुढे या.

सॅडलच्या खालच्या पट्ट्यांची तऱ्हा वेगळी. बेड चकजवळ सर्वांत जास्त झिजतो, कारण बहुतेक काम तिथेच होतं. त्या झिजलेल्या जागी पट्ट्या घट्ट केल्या तर सॅडल टेलस्टॉककडे, म्हणजे उजव्या टोकाकडे, गेल्यावर अडकतो. म्हणून घट्टपणा न झिजलेल्या टोकाला ठरवायचा आणि चकजवळची थोडी ढिलाई सहन करायची.

एप्रन म्हणजे सॅडलच्या पुढची गिअरची पेटी. तिच्या तळाशी प्लग असेल तर तेल बदला, नसेल तर वरच्या भोकांतून रोज घाला. लीड स्क्रू हा बेडसमोरचा लांब आट्यांचा दांडा. त्याच्या आट्यांत जाड दोरा गुंडाळून, रॉकेल लावून, हातानं पुढेमागे ओढत पूर्ण लांबीभर नेला की आत साठलेला कीस निघतो. नंतर तेल, ग्रीस नाही. फीड रॉड वेगळा असेल तर साध्या टर्निंगला लीड स्क्रू वापरू नका, तो आट्यांसाठी राखा.

टेलस्टॉकच्या नळीला बाहेरून तेल, पण आतला टेपर, म्हणजे निमुळतं भोक, कोरडा. तिथे तेल राहिलं तर ड्रिल फिरून टेपर ओरबाडला जातो. चक वर्षातून एकदा उघडा. जबड्यांवर 1, 2, 3 असे आकडे असतात, ते त्याच क्रमानं परत बसवायचे. आत पातळ हात पुरे, जास्त घातलेलं तेल फिरताना तोंडावर उडतं. मोटारीच्या पट्ट्यांवर तेल पडलं असेल तर पुसा. फुगलेली पट्टी बदला.

तेलानंतर पाया. लेथ अगदी सपाट नसलं तरी चालतं, बेडला पीळ मात्र नको. पीळ असेल तर जॉब टेपर निघतो. सुताराच्या लेव्हलचा इथे उपयोग नाही, मीटरला 0.02 मिलिमीटर दाखवणारी मशिनची लेव्हल कुणाकडून तरी मागून आणा. ती बेडवर आडवी, आधी हेडस्टॉकच्या टोकाला आणि मग टेलस्टॉकच्या टोकाला ठेवा. दोन्हीकडे बुडबुडा एकाच जागी यायला हवा. फरक असेल तर पायाखालचे बोल्ट किंवा पातळ पत्रे बदलून जुळवा. नव्या जागी बसवलेलं लेथ पंधरवड्यानं पुन्हा तपासा.

पावसाळ्यात कोकणात आणि घाटमाथ्यावर गंज एका रात्रीत येतो. संध्याकाळी उघड्या पोलादी आणि बिडाच्या भागांवर तेलाचा हात मारून जा. बेडवर गोणपाट किंवा ओलसर चिंधी ठेवू नका. प्लॅस्टिकचं घट्ट आवरणही नको, आत दमट हवा कोंडते. कूलंट म्हणजे पाण्यात मिसळलेलं कापकामाचं तेल. ते बेडवरचं तेल धुऊन नेतं, म्हणून अशा कामानंतर पुसून पुन्हा तेल देणं सक्तीचं. कूलंट करताना तेल पाण्यात ओता, पाणी तेलात नको, नाहीतर ते फाटतं.

हे सगळं रोज करायचं नसतं. रोज दहा मिनिटं: बेड, स्लाइड, भोकं, डोळा. आठवड्याला चेंज गिअर आणि लीड स्क्रू. वर्षाला पेटीचं तेल, चक आणि लेव्हल. यंत्राशेजारी एक पुठ्ठा टांगा, तेलाच्या सगळ्या जागा आणि तारखा त्यावर लिहा. कामगार बदलला तरी पुठ्ठा राहतो.

झिजलेला बेड तेलानं भरून येत नाही, हेही सांगायला हवं. त्यासाठी बेड ग्राइंडिंग आणि स्क्रेपिंग लागतं आणि ते महाग पडतं. तो खर्च करण्याआधी सहा महिने लेथ या पद्धतीनं चालवा, मग टेपर मोजा. बऱ्याचदा दोष बेडचा नसतो. पीळ, ढिली गिब आणि बुजलेली तेलवाट काढली की जुन्या लेथवर रोजच्या जॉबपुरतं माप नीट येतं.